मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर जीवनाचा दर्जा कसा मोजायचा: विदर्भातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन फॉर्म भरणाऱ्यांसाठी

फिजिओथेरपीचे इंटर्न, दवाखान्यातले समाजसेवा अधीक्षक, प्रबंधासाठी माहिती गोळा करणारे विद्यार्थी आणि दिव्यांगांसोबत काम करणारे कार्यकर्ते यांच्यासाठी हे लिहितो आहे. भरून आलेले फॉर्म तपासायचं काम माझ्याकडे असतं. बेरजेच्या चुका त्यात फार नसतात, आणि असल्या तरी दुरुस्त करता येतात. दुरुस्त न होणाऱ्या चुका बाजेपाशी झालेल्या असतात. उत्तर पेशंटच्या भावानं दिलेलं असतं, प्रश्न विचारणाऱ्यानं आपल्या शब्दांत 'सोपा' केलेला असतो, किंवा अंगात ताप असताना फॉर्म उरकलेला असतो. कागद दिसायला नीटनेटका, सगळ्या खुणा जागच्या जागी, आणि त्यातला आकडा मात्र त्या माणसाचा नसतोच.

## टप्पा १: नेमकं काय मोजायचं ते ठरवा

तीन गोष्टींची नेहमी सरमिसळ होते.

पहिली म्हणजे दुखापत किती गंभीर आहे. त्यासाठी 'एशिया' (अमेरिकन स्पायनल इंज्युरी असोसिएशन) तपासणीची ए ते ई श्रेणी असते. ए म्हणजे दुखापतीखालची संवेदना आणि हालचाल पूर्ण गेलेली, ई म्हणजे तपासणीत दोन्ही ठीक. दुसरी म्हणजे माणूस स्वतःचं स्वतः किती करतो. त्यासाठी 'स्किम' ही ० ते १०० गुणांची मोजणी आहे. जेवण, आंघोळ, कपडे यांना २० गुण, श्वास आणि लघवी-संडासाच्या व्यवस्थेला ४०, हालचालीला ४०. तिसरी गोष्ट म्हणजे जीवनाचा दर्जा, म्हणजे आपलं कसं चाललंय याबद्दल त्या माणसाचं स्वतःचं मत.

पहिल्या दोन गोष्टी तपासणारा बघून ठरवू शकतो, तिसरी नाही. पायात ताकद शून्य आहे, म्हणून 'फार असमाधानी'वर खूण करून टाकणं ही मी पाहिलेली सगळ्यांत सर्रास चूक. मानेला दुखापत झालेला, पण दिवसभर किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून चार माणसांशी बोलणारा माणूस स्वतःला चांगले गुण देऊ शकतो. कमरेच्या दुखापतीनंतर हात पूर्ण शाबूत असलेला, पण मागच्या खोलीत पडून असलेला तरुण फार कमी देऊ शकतो. नातेवाईक आणि आपण दवाखान्यातली माणसं, दोघंही पेशंटच्या वतीनं उत्तर देताना बहुतेकदा त्याच्यापेक्षा कमीच गुण देतो. त्यामुळे 'मला अंदाज आहे' म्हणणाऱ्याचा अंदाज कागदावर उतरू देऊ नका.

## टप्पा २: प्रश्नावली निवडा, आणि मग ती बदलू नका

खेड्यातल्या कामाला दोन साधनं पुरतात.

जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची छोटी प्रश्नावली. पहिले दोन प्रश्न एकूण जीवन आणि एकूण तब्येत यांबद्दलचे. बाकीचे २४ चार भागांत: शारीरिक ७, मानसिक ६, सामाजिक संबंध ३, परिसर ८. प्रत्येक उत्तर १ ते ५ मध्ये, आणि विचारायचं ते गेल्या दोन आठवड्यांबद्दल.

मज्जारज्जूच्या दुखापतीसाठीचा आंतरराष्ट्रीय मूलभूत प्रश्नसंच. एकूण जीवन, शारीरिक आरोग्य आणि मानसिक आरोग्य याबाबत समाधान किती, ते ० ते १० मध्ये. सुधारित आवृत्तीत सामाजिक जीवनाचा चौथा प्रश्न आला आहे. इथे मुदत गेल्या चार आठवड्यांची.

पाठपुराव्याच्या प्रत्येक भेटीत चार प्रश्नांचा संच आणि सहा महिन्यांनी किंवा वर्षानं २६ प्रश्नांची प्रश्नावली, असं माझं मत. दर महिन्याला २६ प्रश्न विचारले की माणूस कंटाळतो आणि सगळीकडे 'मधलं' सांगून मोकळा होतो.

'किती मजले चढू शकता', 'किती अंतर चालू शकता' असे प्रश्न असलेल्या सर्वसाधारण आरोग्य-प्रश्नावल्या या पेशंटना आहेत तशा देऊ नका. उत्तर आधीच ठरलेलं असतं, आणि विचारणाऱ्याला डोळे नाहीत असं समोरच्याला वाटतं, ते वेगळंच.

भाषेबद्दल. घरी बसून केलेलं भाषांतर चालत नाही. मूळ संस्थेची रीतसर परवानगी घ्या आणि तिच्याकडचीच भाषांतरित आवृत्ती वापरा. गोंदियाच्या किंवा मेळघाटच्या मध्य प्रदेशाला लागून असलेल्या पट्ट्यात काही जणांना हिंदी आवृत्ती जास्त सोपी जाते. कुठली हवी ते त्यांना विचारा. कोरकू, गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या घरी दुभाषा न्या, पण तो त्या घरातला नको. दुभाषा वापरला ही नोंद फॉर्मवर हवीच.

## टप्पा ३: निघण्याआधीची तयारी

फॉर्मला वरून एक पान जोडा आणि ते शक्य तितकं दवाखान्यातल्या कागदांवरून आधीच भरून ठेवा: दुखापतीची तारीख, कारण (मोहाच्या किंवा चिंचेच्या झाडावरून पडणं, विहिरीत पडणं, ट्रॅक्टर उलटणं, रस्त्यावरचा अपघात), दुखापतीची पातळी (कण्यात कितव्या मणक्यापाशी), श्रेणी, लघवीची व्यवस्था, बेडसोअर आहे का आणि कुठे, चालू औषधं. डिस्चार्ज कार्डावर 'डी १०' असेल आणि फिजिओच्या कागदावर 'टी १०', तर गोंधळू नका, दोन्ही एकच: छातीमागच्या कण्याची दहावी पातळी. कार्ड हरवलं असेल तर घरच्यांच्या तोंडी सांगण्यावरून पातळी लिहू नका. 'माहीत नाही' लिहा.

दोन रकाने मी आग्रहानं जोडायला लावतो. पहिला, ऋतू. काळ्या जमिनीच्या गावात पावसाळा लागला की अंगणाबाहेर व्हीलचेअरचं चाक रुततं आणि माणूस आठ-आठ दिवस घरात अडकतो. मे महिन्यातला आणि ऑगस्टमधला 'परिसर' भागाचा आकडा शेजारी ठेवून 'घसरण झाली' म्हणणं चूक आहे. दुसरा, घर कुणाचं. दुखापतीनंतर काही जणी माहेरी येऊन राहतात. राहत्या जागेबद्दलचं उत्तर माहेरच्या घराचं की सासरच्या, हे कागदावर नसेल तर पुढच्या वेळी कशाची तुलना कशाशी करणार?

मग खुलासा वही. प्रश्न कळला नाही तर काय सांगायचं, याची वाक्यं आधी ठरवून वहीत लिहा आणि गटातल्या सगळ्यांनी तीच वापरा. जागेवर सुचलेला खुलासा दर माणसागणिक बदलतो. मग दहा पेशंटना दहा वेगळे प्रश्न विचारल्यासारखं होतं. कोणत्या प्रश्नांसाठी वाक्यं लागतील ते टप्पा ७ मध्ये आहे.

सोबत उत्तरांची कार्डं घ्या. २६ प्रश्नांच्या फॉर्ममध्ये पर्यायांचे पाच प्रकार आहेत: वाईट ते चांगलं, असमाधानी ते समाधानी, अजिबात नाही ते अतिशय, अजिबात नाही ते पूर्णपणे, आणि कधीच नाही ते नेहमी. प्रश्न १६ पाशी पर्याय बदलतात, पण विचारणारा आधीचेच वाचत राहतो. पाच रंगांची पाच कार्डं केली की ही चूक जवळपास थांबते. अक्षरं मोठी काढा. वाचता येत नसेल त्याला पाचही पर्याय दर प्रश्नाला वाचून दाखवायचे, पहिल्यांदा दाखवले म्हणून पुढे गाळायचे नाहीत.

> तपासा: प्रबंधासाठी किंवा अभ्यासासाठी जात असाल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी हातात आहे का? संमतिपत्र मराठीत आहे का? सही करता येत नसेल तर अंगठा आणि साक्षीदार यांची सोय आहे का?

## टप्पा ४: दिवस आणि वेळ

सकाळचा वेळ बहुतेकांचा संडासाच्या कार्यक्रमात आणि आंघोळीत जातो. त्यावेळी पोचलात तर पेशंट ओशाळतो आणि घरचे चिडतात. स्वतः नळी घालून लघवी काढणाऱ्याला दर चार ते सहा तासांनी ते करावं लागतं, म्हणून मुलाखत नळी काढल्यानंतर लगेच सुरू होईल अशी वेळ ठरवा. उन्हाळ्यात अकराच्या पुढे जाऊ नका. दुखापत वरच्या पातळीची असेल तर खालच्या अंगाला घाम येत नाही, शरीर तापतं, आणि टिनाच्या छपराखाली तासभर बसवून प्रश्न विचारणं हा छळ आहे.

कापसाच्या वेचणीत किंवा पेरणीत घरची माणसं दिवसभर वावरात असतात. एकांतासाठी हे बरं, पण पेशंटला उठवून बसवायला कुणी आहे का ते आधी फोनवर विचारा. बाजाराचा दिवस, पोळ्याचा दिवस, आणि दिव्यांग प्रमाणपत्राच्या शिबिराच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा टाळा. शिबिराच्या दिवसांत सगळी उत्तरं 'किती टक्के मिळतील' या चिंतेतून येतात.

त्याच फोनवर ताप, थंडी, गढूळ किंवा वास मारणारी लघवी, नवीन जखम यांची चौकशी करा. ताप असेल तर आधी उपचार, मोजणी नंतर. महिनोन्‌महिने चिघळलेली जखम असेल तर मात्र ती बरी होण्याची वाट बघू नका. त्याचं आयुष्य सध्या त्या जखमेसकटच चाललं आहे, आणि मोजायचं तेच आहे. फक्त वरच्या पानावर लिहा.

> थांबा: दुखापत टी ६ किंवा त्याच्या वरची असेल आणि बोलता बोलता डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, दुखापतीच्या वर घाम फुटला, तर फॉर्म बाजूला ठेवा. रक्तदाब धोकादायकरीत्या चढत असू शकतो. ताठ बसवा, पट्टा आणि घट्ट कपडे सैल करा, नळी पिळली आहे का, पिशवी भरली आहे का, लघवी तुंबली आहे का ते बघा. कारण सापडलं नाही किंवा आराम पडला नाही तर लगेच १०८ बोलवा.

## टप्पा ५: घरात गेल्यावर, पहिल्या प्रश्नाआधी

गावात फॉर्म घेऊन आलेला माणूस म्हणजे योजनेचा माणूस. ही समजूत निघाल्याशिवाय एकही प्रश्न विचारू नका. समजूत राहिली तर उत्तरं खाली जातात, कारण हाल जास्त सांगितले तर काही मिळेल अशी आशा असते. उलट, ज्या फिजिओनं सहा महिने व्यायाम करून घेतला तोच फॉर्म घेऊन बसला तर उत्तरं वर जातात, कारण त्याचं मन मोडवत नाही. म्हणून उपचार करणाऱ्यानं विचारू नये, दुसऱ्यानं विचारावं. आणि सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं:

"काकाजी, मी कुठल्या योजनेचा नाही. या उत्तरांवरून पैसे मिळत नाहीत आणि चालू असलेले बंदही होत नाहीत. उत्तर बरोबर-चूक असं काही नाही. एखादा प्रश्न नको वाटला तर 'नको' म्हणा."

पुढची अडचण गर्दीची. पाहुणा आला की शेजारच्या चार बाया आणि शाळेतून आलेली पोरं ओसरीत जमतातच, आणि त्यांना हाकलणं आपलं काम नाही. दोघांनी जाणं हा यावरचा उपाय. एक जण घरच्यांना घेऊन अंगणात बसतो आणि त्यांच्याकडून खरंच लागणारी माहिती घेतो: नळ्या कुठून आणता, दवाखान्यात जायला गाडीचं भाडं किती पडतं, रात्री कूस कोण बदलून देतं. तोवर दुसरा आत पेशंटशी बोलतो. सांभाळणाऱ्या बाईलाही बोलायचं असतंच. तिचं ऐकून घेतलं की ती मध्ये मध्ये उत्तरं द्यायला येत नाही. पेशंट बाई असेल तर आत बसणारीही बाईच असावी.

मुलाखत फोनवर करायची वेळ आली तर पहिला प्रश्न "स्पीकर चालू आहे का?" हा.

कुणी हटूनच शेजारी बसलं तर मुलाखत मोडू नका. 'सोबत कोण होतं' ते लिहा आणि टप्पा ७ मधले नाजूक प्रश्न दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

## टप्पा ६: मोजपट्टी शिकवा

'० ते १० मध्ये सांगा' हे आपल्याला शाळेमुळे सोपं वाटतं. बाजेवरचा साठीतला शेतकरी '७' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काय आहे ते कळत नाही. विदर्भात त्याला पैसेवारी मात्र पक्की कळते. पीक रुपयात किती पैसे आलं, पन्नासच्या खाली की वर, यावर गावात दर वर्षी वाद होतो. त्याचा सरावासाठी उपयोग करा. विचारा, "यंदा सोयाबीन रुपयात किती पैसे झालं?" तो म्हणेल, "चाळीस पैसे धरा." मग कार्डावरच्या ४ वर बोट ठेवायला सांगा. "आणि चांगल्या सालचं?" बोट ८ किंवा ९ वर गेलं पाहिजे. दोन-तीन वेळा बोट बरोबर फिरलं की मोजपट्टी कळली. शेत नसलेल्याला उन्हाळ्यातल्या पाण्याबद्दल विचारा.

हा फक्त सराव. खरा प्रश्न विचारताना पैसे, रुपया हे शब्द काढून टाका आणि फॉर्मवरचे शब्द वाचा. नाहीतर समाधानाच्या प्रश्नाला उत्तर कमाईचं येतं.

मुदतीचंही तसंच. 'गेले दोन आठवडे' हे डोक्यात राहत नाही, पण आठवडी बाजार राहतो. "मागच्या शनिवारच्या बाजाराच्याही आधीच्या बाजारापासून आजपर्यंत" असं एकदा ठरवून द्या आणि दर सहा-सात प्रश्नांनी आठवण करा. चार आठवड्यांच्या संचासाठी चार बाजार. दोन्ही साधनं एकाच दिवशी वापरत असाल तर मध्ये पाणी प्यायला थांबा आणि मुदत बदलली हे मोठ्यानं सांगा.

## टप्पा ७: अडणारे प्रश्न

२६ पैकी बरेच प्रश्न सरळ जातात. पुढचे सात मात्र दर वेळी अडतात, आणि खुलासा वही खरी यांच्यासाठीच.

प्रश्न ३, दुखण्यामुळे कामात अडथळा. कमरेखाली स्पर्शच कळत नाही, मग दुखणार कसं, असं पेशंटलाही वाटतं आणि नवख्या विचारणाऱ्यालाही. बधिर भागातच आग होते, मुंग्या येतात, झटके बसतात. लोक त्याला दुखणं म्हणत नाहीत. "दुखत नाई, पन पायात रातभर करंट मारते," हे उत्तर 'अजिबात नाही' म्हणून लिहिलेलं मी पाहिलं आहे. ठरलेला खुलासा असा असावा: "आग, मुंग्या, झटके हेही यातच धरा."

प्रश्न ४, रोजच्या जगण्यासाठी उपचारांची गरज. परवडत नाही म्हणून दवाखाना सोडलेला माणूस 'लागत नाही' म्हणतो. प्रश्न गरजेचा आहे, मिळण्याचा नाही. नळी, पायाच्या ताठरपणाच्या गोळ्या, जखमेची पट्टी हे धरायचं की नाही ते गटानं आधी ठरवा आणि सगळ्यांना सारखं सांगा. धरावं, असं माझं मत.

प्रश्न १५, हिंडण्या-फिरण्याची क्षमता. "मी कुठं हिंडतो बापा!" असं म्हणून तो हसतो किंवा गप्प होतो. इथे लगेच १ वर खूण करायची नाही. "जिथं जायचं तिथं पोचता का? व्हीलचेअर, तीनचाकी, कुणाच्या गाडीवर, कसंही" एवढंच सांगा आणि पुन्हा मूळ प्रश्न वाचा.

प्रश्न १६, झोप. रात्री कूस बदलायला उठवतात, ते धरायचं का? हो, धरायचं. झोपेबद्दल समाधान विचारलं आहे, कारण विचारलेलं नाही.

प्रश्न १८, काम करण्याची क्षमता. वावरात जाणं म्हणजेच काम, असं बहुतेक पुरुष धरतात. बाजेवर बसून तूर निवडणं, घरातल्या पोरांचा अभ्यास घेणं, गिरणीचा हिशोब ठेवणं हे त्यांच्या लेखी काम नाही. तुम्ही त्यांना पटवायला जाऊ नका. "तुम्ही ज्याला काम समजता ते" एवढं म्हणा आणि त्यांचं उत्तर घ्या.

प्रश्न २१, लैंगिक जीवन. विचारणाराच लाजून हा गाळतो आणि फॉर्मवर 'लागू नाही' लिहितो. तसा रकाना फॉर्ममध्ये नाही. अविवाहित आहे, बायको माहेरी गेली आहे, वय झालं आहे, यांतलं कुठलंही कारण तुम्ही परस्पर लावू नका. आधी सांगा, "पुढचा प्रश्न नवरा-बायकोच्या संबंधांचा आहे, विचारू का?" नाही म्हटलं तर 'उत्तर नको' असं लिहून पुढे जा. हो म्हटलं तर जसा आहे तसा वाचा आणि मान खाली घालू नका. दुखापतीनंतर याबद्दल कुणीच विचारलं नाही, असं सांगणारे बरेच भेटतात. सामाजिक भागात तीनच प्रश्न असल्यामुळे हा एक गेला तरी भाग लंगडा होतो.

प्रश्न २६, उदासी, चिंता, निराशा किती वेळा. याच्यानंतर घाईनं फॉर्म मिटू नका. 'नेहमी' किंवा 'बऱ्याचदा' आलं तर फॉर्म संपवा आणि मग नऊ प्रश्नांची नैराश्याची चाचणी घ्या. ती ० ते २७ गुणांची असते. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे पाठवायचं.

> थांबा: त्या चाचणीचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याला शून्याशिवाय कुठलंही उत्तर आलं, किंवा बोलण्यात "आता पुरे झालं" असा सूर लागला, तर सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. त्याला एकटं सोडून निघू नका. घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला, शक्यतो पेशंटच्या संमतीनं, सांगा. फवारणीची औषधं घरातून हलवून कुलपात ठेवायला लावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर तिथूनच फोन लावून द्या आणि त्याच दिवशी आपल्या वरिष्ठांना कळवा. संमती मिळाली नाही तरी जीव आधी.

बोलताना घड्याळावरही लक्ष असू द्या. व्हीलचेअरवर बसलेल्याला अर्ध्या तासानं तरी बुड उचलून किंवा एका बाजूला झुकून दाब हलका करायला हवा. तुमच्या संकोचानं तो तसाच बसून राहतो. तुम्हीच आठवण करा.

## टप्पा ८: उंबरठा ओलांडण्याआधी

सगळे प्रश्न झालेत का, एकाच प्रश्नाला दोन खुणा नाहीत ना, 'उत्तर नको' आणि 'विचारायचं राहिलं' हे वेगळं लिहिलंय का, एवढं तिथंच बघा. सलग दहा प्रश्नांना ३ असेल तर कंटाळा आला होता असं समजा आणि तसं लिहा. सुरुवातीची आणि शेवटची वेळ, विचारणाऱ्याचं नाव, भाषा, सोबत कोण होतं, हे पाचही रकाने गाडीवर बसल्यावर भरायचे नाहीत.

घरी येऊन 'आठवून' खूण बदलणं पूर्ण बंद.

## टप्पा ९: गुण काढणं

प्रश्न ३, ४ आणि २६ उलटे आहेत. त्यांच्यात जास्त आकडा म्हणजे जास्त त्रास. म्हणून ६ मधून उत्तर वजा करायचं, मग ५ चा १ होतो आणि ४ चा २.

शारीरिक भागात प्रश्न ३, ४, १०, १५, १६, १७, १८ येतात. समजा उत्तरं अशी आली: ४, ३, ३, २, ३, ३, २. उलटे फिरवल्यावर पहिली दोन २ आणि ३ होतात. बेरीज १८. सरासरी १८ भागिले ७ म्हणजे २.५७, त्याला ४ नं गुणलं की १०.२९. हे ४ ते २० च्या पट्टीवरचे गुण. ० ते १०० वर न्यायचं तर ४ वजा करा, १६ नं भागा, १०० नं गुणा: ३९.३. उलटं फिरवायचं विसरलात तर बेरीज २० आणि गुण ४६.४. पेशंट न हलता सात गुणांनी 'सुधारला'.

सूत्राऐवजी मार्गदर्शिकेतला तयार तक्ता वापरणारेही असतात. तक्त्यात पूर्णांक केलेले आहेत. बेरीज १७ असो की १८, दोन्हीला ३८ मिळतात. दोन्ही पद्धती चालतात. पण पहिल्या वेळी सूत्र आणि दुसऱ्या वेळी तक्ता असं झालं तर आलेला फरक पेशंटचा नसून तुमचा असेल.

मानसिक भागात ५, ६, ७, ११, १९, २६. सामाजिक भागात २०, २१, २२. परिसरात ८, ९, १२, १३, १४, २३, २४, २५. प्रश्न १ आणि २ कुठल्याच भागात नाहीत, ते वेगळे मांडायचे.

कोऱ्या जागांचा नियम: एका भागात दोनपर्यंत प्रश्न कोरे असतील तर त्याच भागातल्या बाकी उत्तरांची सरासरी तिथे धरता येते. सामाजिक भागात फक्त एक कोरा चालतो. त्याहून जास्त कोरे असतील तर तो भाग काढायचा नाही. २६ पैकी सहा किंवा जास्त कोरे असतील तर पूर्ण फॉर्म बाद. कोऱ्या जागी शून्य टाकणं ही एक्सेलमधली नेहमीची चूक, ती आधी तपासा.

चारही भागांची मिळून एकच बेरीज करू नका. या प्रश्नावलीला एकूण गुण नाहीत. चार प्रश्नांच्या संचाची सरासरी मात्र काढता येते.

## टप्पा १०: दुसरी फेरी आणि फरक वाचणं

शक्यतो तोच विचारणारा, तीच पद्धत (घरी तर घरी, फोनवर तर फोनवर), तीच भाषा, तोच ऋतू. मागची उत्तरं पेशंटला दाखवायची नाहीत आणि तुम्हीही वाटेत वाचून जायचं नाही. "गेल्या वेळेपासून काय काय बदललं?" हा खुला प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारला तर पुढची सगळी उत्तरं त्याच रंगाची येतात.

गुण वाढले म्हणजे तुमच्या उपचारानंच वाढले असं नाही. माणसाची अपेक्षा आणि तुलना बदलते. पहिल्या महिन्यात तो स्वतःची तुलना दुखापतीआधीच्या स्वतःशी करतो, दोन वर्षांनी बाजेवरून व्हीलचेअरवर आलेल्या स्वतःशी. दोन्ही उत्तरं खरी आहेत. म्हणून आकड्याशेजारी घटनांची यादी ठेवा: नवी खुर्ची, जखम, कर्ज, पोरीचं लग्न, घरापर्यंत झालेला सिमेंटचा रस्ता.

भागाचे गुण हलले की आत जाऊन कोणता प्रश्न हलला ते बघा. परिसराचे गुण कमी आणि मानसिक ठीक असतील तर त्या घराला समुपदेशकाची गरज नाही. उंबरठ्यावर उतार, संडासाला कमोड खुर्ची आणि तहसीलमध्ये अडकलेला संजय गांधी निराधारचा अर्ज, यांकडे बघावं लागेल. शारीरिक भागात प्रश्न ३ (उलटा फिरवल्यावर) आणि १६ एकदमच खाली आले असतील तर रात्रीच्या आगीवर औषध चालू आहे का, ते डॉक्टरांना विचारा. सामाजिक भाग एकट्या प्रश्न २२ मुळे पडला असेल, तर मित्रांचं येणं कधी थांबलं हे पुढच्या भेटीत विचारण्यासारखं आहे.

अहवाल लिहिताना गटात सहा-सात जणच असतील तर सरासरीच्या मागे लागू नका, प्रत्येकाचे दोन आकडे शेजारी शेजारी मांडा. आणि गावाचं नाव, वय, अपघाताचं कारण या तिन्ही गोष्टी एकत्र छापू नका. लहान गावात मोहाच्या झाडावरून पडून व्हीलचेअरवर आलेला माणूस एकच असतो, आणि प्रश्न २१ ला त्यानं काय सांगितलं ते ग्रामपंचायतीत कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवेल. तालुका लिहा, वयाचा गट लिहा, कारण गाळा.